स्पार्कलिंग वाइनचं कॉकटेल दर वेळी ‘बसतं’ का? ग्लासपासून फ्रिजपर्यंत एकेक तपासणी

फोन साधारण याच शब्दांत येतो : “अगं, बाटली उघडली तेव्हा आवाज मस्त झाला, पण ग्लासात नुसतं सरबत झालंय.” हा दोष, म्हणजे फसफसणाऱ्या स्पार्कलिंग वाइनचा गॅस जाऊन कॉकटेल ‘बसणं’, मी आधी स्वतःच्या ग्लासात आणि मग मित्रमंडळींच्या ग्लासांत इतक्यांदा दुरुस्त केलाय, की आता चार प्रश्न विचारले की कुठे बिनसलं ते बहुतेक वेळा कळतं. सुरुवातीची एक-दोन वर्षं मी दोष स्वस्त वाइनला देत होते. महागडी आणली, तीही बसली. बाटली बहुतेक वेळा निर्दोष असते. गॅस जातो तो बूच निघाल्यापासून पहिला घोट घेईपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत.

आधी लक्षण ओळखा

“बिघडलं” एवढ्यावर थांबू नका. नक्की काय होतंय ते पाहा, कारण त्यावरून कुठून सुरुवात करायची ते ठरतं.

- ओतताना फेस काठावरून सांडतो आणि दोन मिनिटांत सगळं शांत. चव बसकी.
- फेस नाही, बुडबुड्यांची माळ नाही, पण जिभेला चुरचुरतं.
- बुडबुडे दिसत नाहीत आणि जिभेलाही काही लागत नाही.
- पहिले घोट फिके, शेवटचा गोडमिट्ट. तळाशी रंगीत थर.
- पहिला ग्लास छान, तिसऱ्या-चौथ्यापासून मेलेला.
- बुडबुडे आहेत, पण चव आंबटढाण किंवा वास विचित्र.

पहिलं आणि तिसरं लक्षण एकमेकांच्या उलट वाटतं, पण मूळ पुष्कळदा एकच असतं. जोरात फसफसलेल्या ग्लासात नंतर उरायला काही राहत नाही.

हे समजायला थोडा हिशेब. पूर्ण दाबाच्या, म्हणजे शॅम्पेनच्या धर्तीच्या ७५० मिलीच्या बाटलीत साधारण ९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो सगळा मोकळा केला तर जवळपास ५ लिटर जागा व्यापेल, म्हणजे बाटलीच्या सहा-सात पट. बूच निघालं की यात भर पडायची नाही, फक्त घट. आपण बुडबुडे पाहून खूश होतो, पण दिसणारा बुडबुडा हा खर्च झालेला गॅस आहे. शिल्लक असते ती न दिसणारी, द्रवात विरघळलेली. खालची प्रत्येक तपासणी ही शिल्लक कुठे गळते ते शोधण्यासाठी आहे.

तपासताना कॉकटेल साधंच घ्या. १० मिली फळाचं सिरप किंवा लिक्युअर (साखर आणि स्वाद घातलेली दारू) आणि त्यावर ९० मिली थंड वाइन. लिक्युअर ब्लॅककरंटचं, म्हणजे क्रेम द कासिस असेल, तर हेच कीर रोयाल. यात बिघडायला जागा कमी, म्हणून चूक लगेच सापडते. चार घटकांचं कॉकटेल घेऊन दोष शोधायला बसलात तर रात्र जाईल.

तपासणी १ : नुसती वाइन चाखा

फुकटची तपासणी, आणि हीच सगळे विसरतात. बाटलीतून थोडी वाइन साध्या ग्लासात घ्या आणि काहीही न घालता एक घोट घ्या. जीभ चुरचुरली तर बाटलीत गॅस आहे आणि दोष तुमच्या हातात किंवा ग्लासात आहे. खात्री नसेल तर चमचाभर वाइनमध्ये साखरेचे चार दाणे टाका. झटकन फेसाळली तर गॅस जिवंत आहे. ढिम्म राहिली तर आधीच गेलेला आहे, मग मधल्या तपासण्या सोडून थेट सातवीवर जा.

दुसऱ्या लक्षणाचं उत्तर बहुधा इथेच मिळतं. बुडबुडा शून्यातून तयार होत नाही. त्याला कुठेतरी हवेचा बारीकसा कप्पा लागतो, आणि तो सहसा ग्लासला चिकटलेल्या कापडाच्या किंवा धुळीच्या सूक्ष्म तंतूत असतो. ग्लास अगदी गुळगुळीत आणि स्वच्छ असेल तर गॅस आत असूनही माळ दिसत नाही. हा बिघाड नाहीच. ग्लास कोरड्या सुती कापडाने आतून एकदा पुसा, चार तंतू राहतात आणि माळ सुरू होते. काही ग्लासांच्या तळाला कारखान्यातच बारीक ओरखडे पाडलेले असतात, ते याचसाठी.

तपासणी २ : तापमान

एकच तपासणी करायची ताकद असेल तर ही करा. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सगळ्यात जास्त इथेच मिटल्या.

द्रव जितका थंड तितका तो गॅस धरून ठेवतो. बाटलीतला दाबही तापमानासोबत चढतो. शॅम्पेनमध्ये ६ अंश सेल्सिअसला तो साडेचार बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास असतो, तर २० अंशांवर सातच्या पुढे जातो. गाडीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार असतात, म्हणजे कोमट बाटली हातात घेऊन आपण काय धरलंय याची कल्पना येईल. अशी बाटली उघडली की पहिला पाव भाग जमिनीवर आणि उरलेला ग्लासात फसफसून रिकामा.

वाइन ६ ते ८ अंशांवर हवी. त्यासाठी फ्रिजमध्ये किमान तीन-चार तास, तेही दाराच्या कप्प्यात नाही. दाराचा कप्पा सगळ्यात उबदार असतो आणि दार उघडलं की बाटली हलते. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटं ते अर्धा तास पुरतो. नुसत्या बर्फात खुपसून ठेवू नका, खड्यांच्या मधल्या हवेतून थंडावा नीट पोचत नाही. “मानेपर्यंत” हे मुद्दाम लिहिलंय. मान वर राहिली तर पोट थंड आणि मान कोमट राहते, आणि पहिलाच ग्लास सांडतो.

फ्रीजरमध्ये ठेवायचीच असेल तर गजर लावून वीस मिनिटं. साधारण १२ टक्के अल्कोहोलची वाइन उणे ५ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि घरचा फ्रीजर उणे १८ वर असतो. गोठताना पाणी फुगतं, बाटली तडकते. गजर न लावता “लक्षात राहील” म्हणणाऱ्यांची बाटली कधीच लक्षात राहत नाही.

आता खरी गोम. बाटली थंड असते, पण रस ओट्यावर पडलेला असतो. ७५ मिली वाइन ६ अंशांवर आणि ७५ मिली रस २६ अंशांवर, म्हणजे ग्लासात १६ अंश. चार तास फ्रिजमध्ये घालवलेले एका ओतण्यात वाया. त्यातून ग्लास धुऊन नुकताच कोमट पुसलेला असेल तर आणखी वाईट. म्हणून रस, सिरप, लिक्युअर, ग्लास, सगळं फ्रिजमध्ये. ग्लास मात्र फ्रीजरमध्ये नको. त्याच्या आत बर्फाचा खरखरीत थर बसतो, आणि त्या थरावर वाइन पडली की ज्वालामुखी. हे मी पाहुण्यांसमोर, पांढऱ्या टेबलक्लॉथवर शिकले.

तपासणी ३ : ग्लासचं धुणं

साबणाचा किंवा तेलाचा अंश उरला असेल तर फेस टिकत नाही. फेसाचा प्रत्येक बुडबुडा एका पातळ पापुद्र्यावर उभा असतो, आणि स्निग्धता तो पापुद्रा फोडते. डिशवॉशरमधला चकाकी आणणारा द्रवही तेच करतो. ओळखायची खूण सोपी आहे. ग्लास साध्या पाण्याने भरा आणि रिकामा करा. आतल्या बाजूला पाणी एकसारखं पसरलं तर ठीक. थेंब-थेंब होऊन चिकटलं तर आत काहीतरी आहे.

उपाय : गरम पाण्याने तीनदा विसळा, उलटा निथळू द्या आणि मग पूर्ण गार होऊ द्या. लिपस्टिकनेही काठावरचा फेस मरतो, पण त्याबद्दल मी कुणाला काही सांगत नाही.

ग्लासच्या आकारावर लोक तासन्‌तास वाद घालतात. थोडक्यात : उंच निमुळता फ्लूट गॅस जास्त वेळ धरतो, पसरट बशीसारखा कूप लवकर सोडतो, कारण त्यात वाइनचा जास्त पृष्ठभाग हवेला लागतो. साधा वाइनचा ग्लास मधला आणि रोजच्याला उत्तम. नवे ग्लास विकत घेऊन हा दोष गेलेला मी पाहिलेला नाही.

तपासणी ४ : आधी काय, नंतर काय

सिरप, रस, लिक्युअर आधी. वाइन शेवटी. कारणं दोन.

पहिलं, सिरप जड असतं. ते वाइनवर ओतलं तर सरळ तळाशी जाऊन बसतं, आणि ते वर आणायला तुम्ही चमचा फिरवता. चमच्याच्या प्रत्येक फेरीला गॅस सुटतो. सिरप आधीच तळाशी असेल तर वरून येणारी वाइन ते आपोआप उचलते. मग चमचा फक्त एकदा तळापर्यंत न्यायचा आणि सरळ वर उचलायचा, जणू तळाशी पडलेलं काही काढताय. गोल ढवळणं नाही. चौथं लक्षण, तो तळाचा रंगीत थर, इथेच संपतं.

दुसरं कारण असं की वाइन शेवटी ओतली की ती कशी पडते यावर तुमचा ताबा राहतो. ग्लास तिरका धरा आणि बिअर ओततात तशी वाइन काचेवरून घसरू द्या. फ्रान्समधल्या रॅंस विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे मोजून दाखवलं. सरळ उभ्या ग्लासात मधोमध ओतण्यापेक्षा तिरक्या ग्लासात ओतलेल्या शॅम्पेनमध्ये विरघळलेला गॅस जास्त उरतो, आणि थंड असताना अधिकच. त्यांनी ४, १२ आणि १८ अंशांवर मोजणी केली होती. शॅम्पेन ओतण्याची खानदानी रीत म्हणून उभा ग्लास धरणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांचा ग्लास, त्यांचा गॅस.

जिन, लिंबूरस, साखरेचं सिरप आणि वर शॅम्पेन अशा ‘फ्रेंच ७५’सारख्या कॉकटेलमध्ये शेकर लागतो. शेकरमध्ये पहिले तीनच घटक आणि बर्फ. गाळून ग्लासात घ्या, मग वाइन. वाइन शेकरमध्ये घातली तर झाकण उडतं. हे विनोदाने लिहीत नाही. दाब थेट झाकणावर येतो आणि लाथ मारल्यासारखं ते निघतं.

पाहुणे येण्याआधी जग भरून ठेवणं हाही क्रमाचाच दोष. जगाचं तोंड रुंद, त्यात ढवळलेलं, वर अर्धा तास उभं. जगात सगळं मिसळून ठेवायचंच असेल तर वाइन सोडून बाकीचं मिसळून फ्रिजमध्ये ठेवा. वाइन प्रत्येक ग्लासात, ग्लास हातात देताना.

तपासणी ५ : प्रमाण

इथे नुसती बेरीज-वजाबाकी आहे. पूर्ण दाबाच्या वाइनमध्ये लिटरला सुमारे १२ ग्रॅम गॅस. तेवढाच, पण गॅस नसलेला, रस मिसळला की, एक बुडबुडाही वाया न जाता, लिटरला ६ ग्रॅम. बिअरमध्ये साधारण ५ असतो. शिवाय ओततानाची घट वेगळीच. म्हणजे समसमान संत्र्याचा रस आणि वाइनचं ‘मिमोसा’ हे कॉकटेल वाइनइतकं चुरचुरीत लागणं शक्यच नाही, तुमचं काही चुकलं नसलं तरी. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या प्रमाणातही मिमोसा निम्मा-निम्माच आहे, तेव्हा तो चुकीचा नाही, स्वभावानेच मवाळ आहे. चुरचुर हवी असेल तर दोन भाग वाइन, एक भाग रस करा.

स्प्रिट्झ या कॉकटेलमध्ये हा प्रश्न कमी येतो. तीन भाग वाइन, दोन भाग कडवट लिक्युअर आणि एक भाग सोडा, म्हणजे सोडाही थोडा गॅस घेऊन येतो. सोडा ताजा उघडलेला आणि थंड हवा, नाहीतर तो नुसतं पाणी.

तपासणी ६ : घटकांतला चोथा, दाणे, बर्फ

साखरेचे दाणे, फळाचा चोथा, बिया, फ्रीजरमधून काढलेल्या बर्फावरचा पांढरा थर, या सगळ्यांच्या खरखरीत पृष्ठभागावर बुडबुडे एकदम जमतात. पहिल्या तपासणीत आपण साखर टाकून हाच परिणाम मुद्दाम पाहिला. ग्लासात तो नको असतो.

तेव्हा रस बारीक गाळणीतून गाळा. साखर विरघळवून सिरप करून घ्या, पाणी आणि साखर समान, गरम करून पूर्ण गार. बर्फ वापरणार असाल तर मोठे खडे घ्या आणि ग्लासात टाकण्याआधी थंड पाण्याखाली एकदा फिरवा, वरचा थर निघून जातो.

बेलिनी हे कॉकटेल अपवाद. त्यात पांढऱ्या पीचचा गर असतोच, १०० मिली प्रोसेकोला (इटलीची स्पार्कलिंग वाइन) ५० मिली, आणि फेसाळ असणं हाच त्याचा गुण. तिथे वाइन तीन टप्प्यांत ओता, प्रत्येक वेळी फेस खाली बसू द्या. सगळी एकदम ओतलीत तर पुसायला कापड शोधा. साखरेचा ठोकळा घालून केलेलं जुनं शॅम्पेन कॉकटेल हाही अपवाद. त्यातला ठोकळा बुडबुड्यांची माळ सतत चालू ठेवण्यासाठीच आहे, म्हणून ते पेय लहान असतं आणि रेंगाळत प्यायचं नसतं.

तपासणी ७ : बाटली उघडणं आणि उरलेली ठेवणं

बाटली पिशवीतून हिंदकळत आणली आणि तासाभरात उघडली तर ती फसफसणारच. हलवल्याने द्रवात सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि बूच निघताच तेच बाकीच्यांना वाट करून देतात. फ्रिजमध्ये उभी ठेवून काही तास विश्रांती द्या.

उघडताना वरचा कागद काढा आणि अंगठा बुचावर ठेवा. मग तारेची कडी सोडवा, बहुतेक बाटल्यांवर सहा अर्धे फेरे असतात. तार काढून टाकायची नाही, सैल करून बुचासकटच धरायची. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून, दिव्यापासून आणि खिडकीपासून दूर. एका हाताने बूच घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवा. बूच फिरवू नका, पकड निसटते. बूच वर येऊ लागलं की त्याला उलट दाबून अडवा आणि हळू सोडा. आवाज उसाशासारखा यायला हवा. धडाका झाला की फेसासोबत गॅसही गेला.

बूच हातात आलं की त्याच्याकडे नीट बघा. खालचं टोक घागऱ्यासारखं फुललं असेल तर बूच ताजं आहे, त्याने गॅस धरलेला आहे. टोक अरुंद, सरळ, खुंटीसारखं राहिलं असेल तर बूच दबून कडक झालेलं आहे. बाटली जुनी असू शकते आणि गॅस बुचाच्या कडेने हळूहळू निघून गेला असेल. उघडताना उसासाही आला नसेल तर निदान पक्कं. या बाटलीला कोणताही उपाय नाही. तिच्यातली वाइन दुसऱ्या कामी लावा.

पाचवं लक्षण, पहिला ग्लास छान आणि पुढचे मेलेले, हे उघड्या बाटलीचं. तोंडात चमचा उलटा लटकवून ठेवणारे अजून भेटतात. चमच्याने काहीही होत नाही. वाइन दुसऱ्या दिवशी थोडी जिवंत राहते ती फ्रिजच्या थंडाव्याने, आणि श्रेय चमच्याला जातं. कड्यांनी मानेला आवळून बसणारं स्पार्कलिंग वाइनचं खास झाकण घ्या, प्रत्येक ग्लासानंतर लावा आणि बाटली परत थंडीत. एक-दोन दिवस चांगली राहते. बाटली जितकी रिकामी तितका गॅस द्रवातून वरच्या मोकळ्या जागेत जातो, म्हणून तळातली वाइन साठवण्यात अर्थ नाही. दोघांसाठीच करायचं असेल तर ३७५ मिलीची अर्धी बाटली हा सगळ्यात सोपा उपाय.

तपासणी ८ : लेबल वाचा

बाटली बदलण्याआधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. ‘फ्रिझांते’ लिहिलेली इटालियन वाइन मुळातच कमी दाबाची असते, २० अंशांवर १ ते अडीच बार. ‘स्पुमांते’ला किमान ३ बार लागतात. फ्रिझांते नुसती प्यायला छान, पण रस मिसळला की तिच्यात उरतं काय?

गोडव्याची नावं तर फसवण्यासाठीच ठेवल्यासारखी आहेत. ‘ब्रूट’मध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७, आणि ‘डेमी-सेक’मध्ये ३२ ते ५०. वाइनच्या भाषेत ‘ड्राय’ म्हणजे गोड नसलेली, तरी “एक्स्ट्रा ड्राय” ही ब्रूटपेक्षा गोड. ती घेऊन वर लिक्युअर घातलं की गोडमिट्ट होतं आणि माणूस लिक्युअरला दोष देतो. उलट ‘ब्रूट नेचर’, लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी, आणि लिंबूरस एकत्र आले की दात आंबतात. त्यासाठी बाटली बदलायची गरज नाही, ५ मिली सिरप वाढवा. थंडीत गोडवा कमी जाणवतो, तेव्हा चाखायचं ते थंड असतानाच.

तपासणी ९ : बाटलीच खराब

इथपर्यंत येणाऱ्या तक्रारी थोड्याच. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघरासारखा कुबट वास असेल तर बुचाचा दोष. उकडलेल्या कोबीसारखा किंवा ओल्या लोकरीसारखा वास असेल तर बाटलीला उजेड लागलाय. पांढऱ्या, पारदर्शक काचेच्या बाटल्या दिव्याखाली राहिल्या की वाइनमधल्या रिबोफ्लेविनवर (बी-२ जीवनसत्त्वावर) प्रकाश पडून गंधकयुक्त वास तयार होतात. रस घालून दोन्ही वास झाकले जात नाहीत, उलट बुडबुडे ते नाकापर्यंत नेतात. बाटली बूच परत लावून, बिलासकट विकणाऱ्याकडे न्या. अर्धी संपवून नेलीत तर मात्र तुमची बाजू पडते.

तपासणी १० : फ्रिज

चार तासांनीही बाटली कोमट, दर वेळी, वाइन कोणतीही असो. मग वाइनचा नाद सोडा. मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ५ अंशांच्या आत हवं. नसेल तर आधी तापमानाचं बटण बघा, मग दाराचा रबर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर ढिला. मागच्या जाळीवर धूळ असेल तर प्लग काढून ती झाडा. आपलं काम इथे संपतं.

थांबा आणि जाणकाराला बोलवा

फ्रिज : वरचं सगळं करूनही पारा उतरत नसेल तर मेकॅनिक. गॅस, कॉम्प्रेसर यांना हात लावू नका.

न निघणारं बूच : बाटली पुन्हा रात्रभर थंड करा, दुसऱ्या दिवशी कापडाने पकडून एकदाच प्रयत्न करा. तरी हललं नाही किंवा वरचा गोळा तुटून हातात आला, तर सोडून द्या. कॉर्कस्क्रू अजिबात नको. दाबाखालच्या बाटलीवर वाकून त्यात स्क्रू फिरवणं म्हणजे डोळ्यासमोर बंदूक साफ करणं. बाटली विकणाऱ्याकडे किंवा एखाद्या अनुभवी बारटेंडरकडे द्या.

तडा गेलेली, टवका उडालेली किंवा गोठलेली बाटली : उघडू नका. गोठलेली असेल तर जाड टॉवेलात गुंडाळून, बादलीत उभी करून फ्रिजमध्ये वितळू द्या. नंतर काचेवर रेषाही दिसली तरी टाकून द्या.

सोडा मशीन : बसलेली वाइन त्यात घालून जिवंत करायचा मोह होतो. बरीच घरगुती यंत्रं फक्त पाण्यासाठी असतात. वाइन त्यात भडकून फेसाळते आणि नळीत शिरते. सिलिंडरच्या वॉल्व्हमधून फुसफुस ऐकू आली तर खिडक्या उघडा आणि सिलिंडर पुरवठादाराकडे परत द्या. वॉल्व्ह स्वतः आवळत बसू नका.

डोळा : बूच डोळ्याला लागलं तर चोळू नका, दाबू नका, “थोड्या वेळाने बरं वाटेल” म्हणून थांबू नका. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बाहेरून किरकोळ दिसणारी इजा आत मोठी असू शकते.

आणि पाहुणे चाळीस-पन्नास असतील तर बारटेंडर बोलवा. एकट्याने पन्नास ग्लास भरताना पन्नासावा भरेपर्यंत पहिला बसलेला असतो, आणि त्यावर माझ्याकडेही इलाज नाही.